दोन ठोके, मग एक

जिओफोन म्हणजे खिळ्यावर बसवलेला मुठीएवढा माइक. जमिनीत खोचायचा, जमिनीचं ऐकायचं. एकाने प्लेटवर घण घालायचा, बाकीच्यांनी पुतळे व्हायचं, आणि व्हॅनमध्ये चंद्रप्रकाशसाहेबांच्या मशीनची पेनं, दर फोनला एक, कागदावर थरथर उतरवणार. धक्का ओसरला की पेन सरळ चालतं. खालची तेलाची पाइपलाइन गळत असली, गॅस फुसफुसत असला, तर ते बारीक कापत राहतं.

घण माझ्याकडे. आता पुतळा होणं काही माझ्या रक्तात नाही. मी हळूच टाच आपटायचो. साहेब कागद फडकवत बाहेर, खाली काय आहे विचारत. मी म्हणायचो, उंदराचं लग्न आहे साहेब, आहेर काय देताय? टोळीतला भीमराज पोट धरून खाली बसायचा. माझं वय पंचेचाळीस, पण आपला धंदा तोच.

चौऱ्याऐंशी साली मुलुंडच्या एका गल्लीत विहिरीवर तेलाचा तवंग आला. वास इतका की डोकं धरायचं. लोकांना शाळेत हलवलं. चुली विझलेल्या, दोरीवर कुणाचा तरी एकच मोजा. कुत्रीसुद्धा गेलेली. शेवटच्या घरात एकटी सुगंधाकाकी तेवढी राहिली.

तिचा नवरा धाकू. गिरणीचा संप लागला तेव्हा याच पाइपलाइनचा चर खणायला रोजावर गेला, तो परत आलाच नाही. मुकादम म्हणाला, गावाला पळाला. गावाला कुणी पाहिला नाही.

मी काकीला खूप मस्का लावला. काकी, एका ठिणगीत वाट लागेल. ती तांदूळ निवडत राहिली.

"ते इले तर खंयच्या दारार टकटक करतले? दोनदा वाजवतले, थांबतले, मग एकदा. तशी सवय त्यांची." मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "गॅस माझ्याच घराखाली आसा तर दाखव. मग जातंय."

ठरलं. गल्लीच्या तोंडापासून तिच्या उंबऱ्यापर्यंत फोन खोचले. ठिणगी नको म्हणून त्या दिवशी घणाऐवजी लाकडी मोगरी.

पहिला ठोका मारला. थोड्या वेळाने साहेब बाहेर आले. चिडले नव्हते, थकले होते.

"आज तरी नको रे. म्हातारीचा जीव आहे."

मी काही केलं नव्हतं. कागद बघितला. धक्का ओसरल्यावर गल्लीच्या तोंडाच्या फोनवर दोन टोकं, मोकळी जागा, मग एक टोक.

मी आईची शपथ घेतली. भीमराज हसला. माझ्या शपथेला त्या टोळीत काय किंमत होती, ते मलाच माहीत.

साहेबांनी मला व्हॅनमध्ये आपल्या शेजारी बसवलं. मोगरी भीमराजकडे. त्याने ठोका मारला. मी दोन्ही पाय वर घेऊन बसलो होतो.

पेन उडालं. दोनदा. थांबलं. मग एकदा.

या वेळी गल्लीच्या मधल्या फोनवर.

साहेबांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

पुढचा ठोका. आता काकीच्या दोन घरं अलीकडे.

त्याच कागदावर उंबऱ्याजवळचं पेन बारीक कापत होतं. थांबतच नव्हतं. गळती तिच्याच घराखाली होती.

मी कागद नेऊन दाखवला, फक्त उंबऱ्याची ओळ. बाकीचा गुंडाळून धरला. काकीने शब्द पाळला. बोचकं बांधलं. दार उघडं ठेव म्हणाली. गॅस निघून जावा म्हणून आम्हीही तेच करणार होतो. मी कडीला सुतळी बांधून दार सताड भिंतीला अडकवलं. भीमराजने तिला शाळेत नेलं.

साहेब म्हणाले, एकदा खात्री करू. मोगरी मी घेतली.

उंबऱ्याच्या फोनवर दोन. एक.

मग नुसतं ते बारीक कापणं.

साहेबांनी मशीन बंद केलं. पाइपलाइनचा व्हॉल्व्ह संध्याकाळी बंद झाला.

सकाळी मी एकटाच फोन उपटायला गेलो. एकेक खिळा काढत शेवटच्या घरापर्यंत आलो. सुतळी उंबऱ्यावर पडली होती, गाठ नीट सोडलेली. दार लागलेलं होतं. मी ढकलून पाहिलं. मग वाजवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

शाळेच्या व्हरांड्यात काकी वाटच बघत होती.

"कोण इल्लो काय रे?"

आयुष्यभर लोकांना फसवत आलो होतो. मी म्हटलं, नाही काकी, कोण येणार?

दाराला आतून कडी होती, हे मी तिला सांगितलं नाही.