डाव्या पिळाचा गोफ

“मी माफी लिहिणार नाही,” डावरी म्हणाली आणि व्यवस्थापकांनी दिलेला कोरा कागद तिने घडी करून खिशात टाकला.

पोहण्याच्या तलावाचे व्यवस्थापक लालबुंद झाले. सामानाच्या खोलीची चावी सकाळपासून गायब होती. ती निळ्या-पांढऱ्या दोरीच्या गोफात अडकवलेली असायची. नेमका तसाच गोफ डावरीच्या गळ्यात होता, खाली शिट्टी लावलेला. झालं, चोर सापडला!

“हा मी स्वतः विणलाय,” डावरी म्हणाली. “चावीचा गोफ पोहणं शिकवणाऱ्या ताईंनी विणलेला. त्याचा पीळ उजवीकडे जातो. मी डावखुरी, माझा डावीकडे वळतो.”

“दोरी ती दोरी. पाचपर्यंत माफी लिहून दे, नाहीतर उद्याच्या शर्यतीतून नाव कट.”

त्या शर्यतीसाठी डावरी सुट्टीभर पहाटे उठली होती. बाहेर येताच तिच्या संघातला लंबू हळूच म्हणाला, “दोनच ओळी आहेत गं. लिहून टाक.”

“मग तूच लिही.”

“मी का? मी काय केलंय?”

“आणि मी काय केलंय?”

लंबू डोकं खाजवू लागला. त्याची धाकटी बहीण चिंगी मात्र कान टवकारून उभी होती. “दादा, ऑफिसची खिडकी आज आपटत नाहीये.”

खरंच की! रोज वारा सुटला की ती खिडकी डोकं उठवायची. तिघं इमारतीच्या मागे धावली. लंबूने टाचा उंचावल्या. खिडकीची कडी गजाला करकचून बांधलेली होती, निळ्या-पांढऱ्या गोफाने. गोफाच्या टोकाला चावी बाहेर लोंबत होती.

लंबूने हात पुढे केला.

“हात लावू नकोस,” डावरी म्हणाली. “नाहीतर म्हणतील, आपणच बांधली. ताईंना बोलाव.”

ताई आल्या. मागोमाग झाडणाऱ्या मावशी आणि धापा टाकत व्यवस्थापकही आले.

“हिचंच काम हे,” ते म्हणाले.

ताईंनी गोफावरून बोट फिरवलं. “पीळ उजवा. हा माझा. आणि गाठ खिडकीच्या आतून मारलीये. तुम्ही नसताना ऑफिसला कुलूप असतं ना?”

व्यवस्थापकांनी कपाळाला हात लावला. सकाळी वाऱ्याने कागद उडाले, तेव्हा हाताला लागलं त्याने त्यांनीच खिडकी बांधली होती.

“काखेत कळसा नि गावाला वळसा,” मावशी पुटपुटल्या.

“शाब्बास पोरांनो,” ताई म्हणाल्या. “आणि डावरे, तू वाकली नाहीस, याचा मला फार अभिमान वाटतो. उद्या पहिली उडी तुझी.”

“बरं बरं, झालं गेलं विसरून जा,” व्यवस्थापक म्हणाले.

डावरीने खिशातला कागद काढला, घडी उलगडली आणि त्यांच्यापुढे धरला.

“पाचला अजून वीस मिनिटं आहेत, काका.”

व्यवस्थापक पेन शोधायला लागले. दोन्ही खिसे चाचपून झाले. शेवटी चिंगीने सांगितलं, ते त्यांच्या कानावरच होतं.