सून माहेरी गेली की

"माझ्या नवऱ्याला सुनेनं विष घातलं!" बाईंनी जेवणाचा डबा टेबलावर आपटला. "तपासा. उद्याच पोलिसांत जाते."

प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ कपाळाला हात लावून उभा राहिला. इथं रक्त तपासतात, डबे नव्हेत. पण त्याचे साहेब, ज्यांना सगळे भिंगवाले म्हणत, खुर्ची ओढून बसले.

"विष कशावरून?"

"वर्षभर रक्ताचे जुलाब. डॉक्टर म्हणाले, आतड्याला सूज. पण ही माहेरी गेली की पंधरा दिवसांत माणूस हिंडायला लागायचा. आली की पुन्हा अंथरुणात! तीनदा झालं. चौथ्यांदा ही आली आणि गेलेच हो ते."

तंत्रज्ञाला पटलं. आता आणखी काय हवं?

"गोळ्या कोण द्यायचं?"

"हीच, घड्याळ लावून. मला मेलीला वाचता कुठं येतं? ही नसली की राहूनच जायच्या."

सून दाराशी उभी होती. डोळे सुजलेले.

"अंगावर काही उठायचं?"

"मामंजींच्या कमरेवर लाल रेघ. सकाळी इथं, दुपारी वीतभर पुढं. मला वाटलं, नाडीचा काच."

"काम काय करायचे?"

"रोपवाटिका. दिवसभर ओल्या खतमातीत अनवाणी."

भिंगवाल्यांनी रुग्णाची फाइल चाळली. पहिल्याच रक्त तपासणीत इओसिनोफिल पेशी एकोणीस टक्के; पाच-सहाच्या आत हव्यात. मग त्यांनी कपाटातून आतड्याच्या तुकड्याची जुनी काचपट्टी काढली. सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिली.

"बघ."

तंत्रज्ञानं डोळा लावला. "अरे बापरे! अळ्या?"

"मातीतल्या. तळपायातून शिरतात. ती चालती रेघ त्यांचीच, त्या पेशीही त्यांच्यामुळेच वाढलेल्या. आतडं मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या आजारासारखं हुबेहूब सुजतं. म्हणून गोळ्यांत स्टिरॉइड दिलं. त्यानं शरीराची ताकद पडते, अळ्यांना रान मोकळं. सून नसली की गोळ्या चुकायच्या, तेवढाच माणसाला आराम. डब्यात काही नाही. जंताच्या औषधानं माणूस उठला असता."

सून टेबलाशी आली. "म्हणजे... मी एकही गोळी चुकवली नाही, म्हणून?"

"तुमची चूक नाही."

"मग या अळ्या तेव्हाच कशा दिसल्या नाहीत?" तंत्रज्ञ तावातावानं म्हणाला. "कुठल्या शहाण्यानं पाहिलं होतं हे?"

फाइलमध्ये काचपट्टीचा अहवाल होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीत आजाराचं नाव आधीच लिहिलेलं. त्याखाली निष्कर्ष एका शब्दाचा: जुळतं. सही ओळखायला तंत्रज्ञाला भिंग लागलं नाही. अठरा वर्षं तो तीच बघत होता.

"मी आधी चिठ्ठी वाचली," भिंगवाले म्हणाले, "मग काचेत तेवढंच पाहिलं."

बाईंनी डबा उचलला. सुनेकडे न बघताच म्हणाल्या, "पोलिसांत तर जायचंच आहे. खाली नाव कुणाचं आहे ते वाच गं."

भिंगवाल्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. सुनेनं मोठ्यानं वाचलं.