माथ्यावरच्या कृत्तिका

"खटपट्या, आज तिथी कोणती?" शाल्मलीने विचारलं.

यंत्रमानव खिडकीशी गेला. त्याने आकाश न्याहाळलं. "चंद्र उगवलेला नाही. तिथी सांगता येत नाही."

चंद्रावर उभा राहून हा शहाणा चंद्र शोधत होता! काखेत कळसा नि गावाला वळसा. एरवी शाल्मली पोट धरून हसली असती, पण आज तिला रडू येत होतं.

त्यांची वसाहत चंद्राच्या मागच्या बाजूला, अगदी मधोमध होती. तिथून पृथ्वी कधीच दिसत नसे. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच सौरवादळ (सूर्याकडून सुटलेला विद्युतकणांचा लोट) आलं. घड्याळं पुसली गेली, पृथ्वीशी बोलणं तुटलं. आता प्रत्येकाचा तारखेचा हिशेब वेगळा. शाल्मलीची आई कामासाठी वाईला गेली होती. कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेला आई कृष्णेच्या घाटावर त्रिपुरवात लावणार आणि शाल्मली इथे, असं दोघींचं ठरलं होतं. बंदिस्त वसाहतीत आग पेटवायला मनाई. काचेच्या पेटीत एकच वात लावायची परवानगी मिळाली होती, तीही एकदाच. दिवस चुकला तर आई तिकडे एकटीच वात लावणार.

"आजोबा, आता कसं कळणार?"

आजोबा खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी काचेच्या छताला गवंड्याचा ओळंबा (वजन बांधलेली दोरी) टांगला. "झोप इथे, आणि दोरीच्या रेघेत वर बघ. काय दिसतं?"

बाहेर चंद्राची लांबलचक रात्र होती. हवा नसल्यामुळे एकही तारा लुकलुकत नव्हता. दोरीच्या जरा बाजूला चांदण्यांचा इवलासा घोस होता.

"त्या कृत्तिका. पौर्णिमेचा चंद्र त्यांच्याजवळ दिसतो, म्हणून महिना कार्तिक. मृगशीर्षाजवळ दिसला की मार्गशीर्ष, पुष्याजवळ दिसला की पौष. आपल्या पूर्वजांनी महिन्यांची नावं आभाळातूनच उचलली."

"पण आपल्याला चंद्र कुठे दिसतोय?"

"आईच्या डोळ्यांपासून चंद्रापर्यंत एक सरळ रेघ ओढ. ती चंद्रातून आरपार पुढे ने. कुठे निघेल?"

शाल्मलीने डोळे मिटून रेघ ओढली. वाईचा घाट, मधलं काळं आकाश, चंद्र, आणि मग...

"आपल्या छतातून वर!"

"बरोबर. चंद्र रोज साधारण एक नक्षत्र (चंद्राच्या वाटेवरचा तारकांचा टप्पा) ओलांडतो, तसं आपल्या माथ्यावरचं नक्षत्रही बदलतं. महिना कार्तिक आहे हे आपल्याला ठाऊक आहे. कृत्तिका माथ्यावर आल्या की पौर्णिमा."

शाल्मली पडून राहिली. घोस इतका सावकाश सरकत होता की डोळ्यांना कळू नये. जेवण झालं, खटपट्याच्या दोन फेऱ्या झाल्या, तेव्हा कुठे तो दोरीशी आला. तिच्या अंगावर काटा आला. एवढं मोठं आभाळ, आणि त्याला तिथी बरोबर ठाऊक होती.

तिने वात लावली. काचेआड ज्योत शांत उभी राहिली.

"आजोबा, पुढच्या पौर्णिमेला इथे मृग येईल ना? खटपट्याला मीच शिकवीन."

"शिकव. इथे जन्मणाऱ्या मुलांनाही शिकव."

मग ती हळूच म्हणाली, "आई आत्ता चंद्राकडे बघत असेल."

"असेलच."

"मला वाटायचं, मी चंद्राच्या मागे, म्हणजे आईच्याही पाठीमागे कुठेतरी आहे," शाल्मली म्हणाली. "मी तर तिच्या समोर आहे."