एक डाव बाकी

दोन हजार एकोणीस साल. जानेवारीची सतरा तारीख, गुरुवार. त्या हिवाळ्यात थंडी अशी पडली होती की सकाळी लोखंडी पकड हातात धरवत नव्हती.

लाइट येईपर्यंत बसायचं असेल तर बसा पोरांनो. पण मध्ये बोलायचं नाही. भूतबीत काही नसतं असं मघाशी तुमच्यातलाच एक म्हणाला. नसेल. मी फक्त घडलेलं सांगतो.

हे माझ्या जोडीदाराच्या बाबतीत घडलं. तो वायरमन, मी मोटारींचं वाइंडिंग करणारा. एकवीस वर्षं एका दुकानात बसलो. तो कधी खोटं बोलला नाही. त्याला बोलायचाच कंटाळा, खोटं बोलायचे कष्ट कोण घेणार?

त्याची एक सवय होती. काम सुरू करण्याआधी फ्यूज उपटायचा, शर्टाच्या खिशात घालायचा आणि खिशाचं बटण लावायचं. घरमालक म्हणायचा, "अहो, मी इथेच उभा आहे, कोण घालतंय?" तरी फ्यूज खिशातच. तरुणपणी त्याचा एक सोबती खांबावर चढलेला असताना खाली कुणीतरी फ्यूज घातला होता. तेव्हापासूनची सवय.

"काका, आता फ्यूज कुठे राहिलेत?"

मी सांगतोय त्या घरात होते. जुने, चिनी मातीचे. मध्ये बोलू नको म्हटलं ना?

तर त्या गुरुवारी संध्याकाळी टर्नर दुकानात आला. टर्नर म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतला. चौतीस वर्षं कारखान्यात लेथवर लोखंड कातत काढली त्यानं. ताठ माणूस. कुणाचं काही अंगावर ठेवणार नाही. शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणली तर दुसऱ्या दिवशी वाटी भरून परत. आला तोच म्हणाला, "आज रात्री ये. माडीवरचं सगळं काढून टाकायचंय."

जोडीदार म्हणाला, "सकाळी येतो की."

"सकाळी ते काही करत नाही. रात्री ये. साडेदहाला."

एवढं बोलून गेला. माडीवरचं म्हणजे काय, हे आम्हाला माहीत होतं.

ते त्याच्या मुलाचं काम होतं. एकुलता एक, सव्वीस वर्षांचा. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. गल्लीत त्याला सगळे 'बटण' म्हणायचे, कारण घरातलं सगळं त्यानं मोबाइलच्या बटणावर आणलं होतं. टाकी भरली की पंप आपोआप बंद. आई रात्री उठली की जिन्यातला दिवा आपोआप लागायचा. लोक चिडवायचे, "बटणा, बापाच्या रागालाही एक बटण बसव रे." तो म्हणायचा, "बसवलंय. आईच्या हातात दिलंय."

माडीवरच्या खोलीत त्याचा खेळ होता. मोठा टीव्ही, गाड्यांच्या शर्यतीचा खेळ, दोन रिमोट. खोली बर्फासारखी, म्हणून त्यानं स्वतः हीटर बनवले. बापानं पाहिलं आणि ओरडला, "वीज काय तुझ्या सासऱ्याची आहे?"

पोरगा म्हणाला, "आधी सासरा तर बघा, मग विचारतो त्याला."

पण बापाचं ऐकलंही त्यानं. खुर्चीच्या गादीखाली दाब ओळखणारी पट्टी बसवली. माणूस बसला की त्या खुर्चीपुरता हीटर लागायचा. उठला की बंद. एक युनिट वाया नाही. खुर्च्या दोन ठेवल्या, दोन्हींखाली हीटर. एक स्वतःची. दुसरी बापासाठी.

बाप त्या खुर्चीत कधी बसला नाही. वर्षभर पोरगा रोज विचारायचा, "बाबा, एक डाव?" बाप म्हणायचा, "उद्या." पोरगा म्हणायचा, "मी सावकाश चालवीन, घाबरू नका." बाप म्हणायचा, "तुझ्या जन्माआधीपासून मशीन चालवतोय मी."

डिसेंबरात एका शुक्रवारी कसा कोण जाणे, बाप विरघळला. म्हणाला, "रविवारी खेळू. शब्द दिला."

शनिवारी संध्याकाळी कामावरून येताना पोराची मोटारसायकल ट्रकखाली गेली.

त्याला त्या गुरुवारी चाळीस दिवस झाले होते.

जोडीदार साडेदहाला पोचला. टर्नरनं दार उघडलं. स्वयंपाकघरात दिवा नव्हता. "वहिनी कुठे?" यानं विचारलं.

टर्नरनं वर बोट दाखवलं. मग खालच्या आवाजात बोलला. इतकं बोलताना जोडीदारानं त्याला कधी ऐकलं नव्हतं. "रोज रात्री अकरा वीसला त्याच्या खुर्चीखालचा हीटर लागतो. त्याची खेळायची वेळ ती. पट्टी बिघडली असेल, ओल धरली असेल, मला कळत नाही. पण ही वर जाऊन बसते. पहाटेपर्यंत. जेवत नाही, झोपत नाही. वजन बघ किती उतरलंय. एक गेला... आता हिला घालवायचं नाहीये मला. तोडून टाक सगळं."

दोघं माडीवर गेले. वहिनी जमिनीवर बसल्या होत्या, पोराच्या खुर्चीला टेकून. शाल नव्हती अंगावर.

"भाऊजी, नका काढू."

जोडीदारानं हत्यारांची पेटी खाली ठेवली.

"दुसरं काही मागत नाही मी. हीटर लागला की खुर्चीखाली हात धरते. ऊब असते. चाळीस दिवसांत तेवढीच ऊब आहे या घरात."

टर्नर दारातून म्हणाला, "बिघाड आहे तो. समजून घे."

"तुमच्यासाठी बिघाड."

"उठ तिथून."

"तुम्हीच बसला असतात एकदा, तर मला बसावं लागलं नसतं."

टर्नर भिंतीकडे बघत राहिला.

जोडीदार खाली आला. माडीचा फ्यूज उपटला, खिशात घातला, बटण लावलं. वरचा दिवा गेला. बॅटरी घेऊन वर आला आणि भिंतीवरची पेटी उघडली. मला तो म्हणाला होता, असं काम मी शिकलेल्या माणसाचंही पाहिलं नाही. प्रत्येक वायर सरळ. प्रत्येक वायरीला कागदाची चिठ्ठी, निळ्या शाईनं लिहिलेली. 'माडी दिवा.' 'टाकी.' 'आईचा जिना.' 'माझी खुर्ची.' 'बाबांची खुर्ची.'

आणि सगळ्यात खाली एक चिठ्ठी, जिला वायरच नव्हती. नुसती पेटीच्या पत्र्याला चिकटवलेली.

'बाबा – एक डाव बाकी.'

त्यानं ती मोठ्यानं वाचली. वाचायला नको होती, असं नंतर मला म्हणाला. टर्नर पुढे आला. बॅटरीच्या उजेडात चिठ्ठी बघितली. चौतीस वर्षं केसाएवढा फरक नजरेनं ओळखणारा माणूस, त्याला ती ओळ वाचायला फार वेळ लागला.

जोडीदारानं पकड उचलली. 'माझी खुर्ची' ही वायर चिमटीत धरली.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "वाजले बघा."

अकरा वीस.

खुर्चीची गादी दबली. हळूच. कुणी बसल्यावर दबते तशी.

मग खुर्चीखाली हीटरची तार लाल झाली.

"काका, बॅटरीवर असेल."

हीटर? एवढं तापायला पोतंभर बॅटऱ्या लागतील. त्यालाही तेच वाटलं. त्यानं पेटीत टेस्टर लावला. पेटला नाही. दुसऱ्या वायरीला लावला. नाही. खिसा चाचपला. बटण लावलेलं. फ्यूज आत. थंडगार.

तार लाल.

पेटीत वीज नाही. तार लाल.

मग टीव्ही लागला. आवाज नाही. नुसता उजेड. त्यावर इंग्रजीत एक ओळ. जोडीदाराला इंग्रजी येत नव्हतं. टर्नरला कारखान्यातले कामाचे नकाशे वाचून जेमतेम यायचं. त्यानं अक्षर अक्षर लावलं. "दुसऱ्या... खेळाडूची... वाट..."

पुढचं वाचलं नाही.

वहिनींनी तोंडावर हात ठेवला होता.

जोडीदाराला पळायचं होतं. पण टेस्टर हातात धरून तो तिथेच उभा राहिला.

टर्नर चालत गेला. दुसऱ्या खुर्चीत बसला. ताठ, लेथपुढे उभा राहायचा तसाच ताठ. त्याच्याही खुर्चीखाली तार लाल झाली. त्यानं रिमोट उचलला. उलटा. वहिनी जवळ गेल्या, सुलटा करून दिला.

शर्यत सुरू झाली.

एक गाडी टर्नरची. वाकडीतिकडी, भिंतीला घासत. दुसरी गाडी... तिचा रिमोट टेबलावर पडलेला. कुणी धरलेला नाही. पण त्याची बटणं दबत होती.

दुसरी गाडी पुढे जाऊ शकत होती. जात नव्हती. टर्नर भिंतीला आपटला की ती थांबायची. तो निघाला की निघायची. शेवटच्या वळणावर ती पुन्हा थांबली. रस्ता मोकळा सोडून.

टर्नरनं रिमोट खाली घेतला.

"मुद्दाम हरायचं नाही," तो म्हणाला. आवाज नेहमीचाच, दरडावणीचा. "शब्द दिलाय मी. खेळायचं तर नीट खेळ."



मग दुसरी गाडी निघाली. सरळ. जोरात. टर्नरनं तिला गाठायचा प्रयत्न केला. खरा प्रयत्न. दात आवळून. जमलं नाही.

"हरलो," तो म्हणाला.

आणि हसला. जोडीदार म्हणाला, त्या माणसाला मी त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

"थंडी वाजतेय का रे?" टर्नरनं शेजारच्या खुर्चीला विचारलं. "तिकडे..."

त्यानं खुर्चीखालच्या तारेकडे बघितलं.

"स्वेटर घालून गेला नव्हतास."

गादी वर आली. हळूच. तार आधी लाल, मग मंद, मग काळी. टीव्ही गेला. फक्त दुसऱ्या खुर्चीखालची तार लाल होती, कारण टर्नर अजून बसलेला होता. वहिनी त्याच्या पायाशी बसल्या. दोघांनी त्या तारेपुढे हात धरले. कुणी रडलं नाही. मग तीही विझली.

किती वेळ गेला, जोडीदाराला सांगता आलं नाही. शेवटी टर्नर उठला. बायकोला म्हणाला, "चल. थोडं जेवून घे." ती उठली. जिना उतरताना दिवा लागला नाही, म्हणून त्यानं तिचा हात धरला.

जोडीदारानं काही तोडलं नाही. पेटीचं झाकण लावायला गेला, तेव्हा बॅटरीचा उजेड खालच्या चिठ्ठीवर पडला.

तो रात्री एक वाजता माझ्या दारात आला. मी दिवा लावला. त्यानं उजवा अंगठा पुढे केला.

अंगठ्याला निळी शाई लागली होती. ओली.

'बाबा – एक डाव बाकी' या ओळीवर आडवी रेघ मारलेली होती. सरळ.