माईचा हात

यात पदरचं काही घातलेलं नाही. जूनमधला दुसरा रविवार, दुपारचे अडीच, ऑकलंडचं हिल्सबरो. लख्ख उन्हात घडलं.

शेजारी माई दालवा राहायची. ब्राझीलची. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्यांनी तिकडे जे देव जपले, त्यांची ती पुजारीण. दर शनिवारी तिच्या गॅरेजमध्ये पांढऱ्या कपड्यांतली वीस-पंचवीस माणसं जमायची, ढोल वाजायचे. कुणाचं लग्न, कुणाचा व्हिसा, कुणाचं दुखणं... सगळं माईच्या पायाशी.

मी नर्स. शेवटच्या आजारात तिचं ड्रेसिंग मीच करायचे. एप्रिलमध्ये एकदा निघताना, सांगलीच्या सवयीने, वाकून तिच्या पायांना हात लावला.

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. अंगठ्यातली चांदीची अंगठी गार लागली.

हात तिने उचललाच नाही... किती तरी वेळ.

मागे तिची थोरली शिष्या नेइदे उभी होती. तिच्या हातातली वाटी खाली पडली.

माई गेली. नेइदेचा फोन आला. ज्यांच्या डोक्यावर माईचा हात आहे त्यांचा तो उतरवायचा विधी आहे, ब्राझीलहून म्हातारे गुरू आलेत, तूही ये. मला हसू आलं. आशीर्वाद कुणी उतरवून घेतं का? शिवाय ड्युटी होती.

गेले नाही.

त्या रविवारी आम्ही घर हलवून दूरच्या शहरी, लोअर हटला निघालो. माझ्या नवऱ्याची, शंतनूची, तिथे नवी नोकरी. मागच्या सीटवर लेक, इशिता.

कोपऱ्यावरची डेअरी, म्हणजे इथलं किराणा दुकान, ओलांडली, आणि...

डोक्यावर हात.

पाच बोटं. एक गार अंगठी.

मान खाली, आणखी खाली. कपाळ डॅशबोर्डला टेकलं, श्वास कोंडला. शंतनूने घाबरून गाडी वळवली.

डेअरी आली, आणि ओझं पिसासारखं उडालं.

तीनदा निघालो. तीनदा तेच. तपासण्या सगळ्या नॉर्मल.

शेवटी बापलेक पुढे गेले.

मी नेइदेला गाठलं, म्हटलं, उतरव गं आता. ती नजर चुकवत म्हणाली, "उतरवणारे गुरू घरी पोचले आणि वारले. माईनं आपल्या जागी माणूस निवडलाय. देवांचं घर रिकामं राहत नसतं."

शनिवारी ढोल ऐकू आले...

दार उघडलं. अंगणात पांढऱ्या कपड्यांतली माणसं, कपाळं जमिनीला टेकलेली. ढोल कुणाच्याच हाती नव्हता.

पुढची बाई सरकत पायाशी आली. माझा उजवा हात वर गेला.

मी उचलला नव्हता.

दोन महिने झाले. घर ते डेअरी, तेवढंच माझं न्यूझीलंड. रात्री उजवा हात ओढणीने पलंगाला बांधते. सकाळी ओढणी घडी घालून उशाशी ठेवलेली असते.

शुक्रवारी इशिता येतेय, तिच्या वाढदिवसाला. फोनवर म्हटलं, या वेळी नमस्कार नको गं बाळा, राहू दे.

ती हसली. "नो नमस्कार, नो केक... तूच म्हणतेस ना, आई?"

मीच शिकवलंय तिला. पाच वर्षांची होती तेव्हापासून.

आज सकाळपासून उजव्या अंगठ्याशी काही तरी गार लागतंय...