परातीतला चुरा

सकाळी दुकानाचं मागचं दार उघडायचं आणि सगळ्यात आधी परात बघायची, ही मिचिएची रोजची पद्धत. तेम्पुरा, म्हणजे पातळ पिठात बुडवलेली कोळंबी नि भाज्या, तळला की कढईत पिठाचा चुरा उरतो. तो पसरून गार केला नाही, तर गवताच्या गंजीसारखा आतल्या आत धुमसतो आणि माणसं झोपली की पेट घेतो. त्यांच्या गल्लीतलं एक दुकान असंच खाक झालं होतं.

सासरे जिन्पाची होते तोवर चुरा तेच पसरायचे, उजव्या हाताने. त्या हाताला मधलं बोट नव्हतं, त्यामुळे चुऱ्यात बोटांचे माग उमटायचे ते मध्ये एक फट सोडून. ते गेले आणि काम आलं कुनिओकडे, मिचिएच्या नवऱ्याकडे. तो एक नंबरचा विसरभोळा! ढीग तसाच टाकून वर झोपायला जायचा. सकाळी मात्र चुरा पसरलेला असायचा, मध्ये एक फट सोडून.

"आई, रात्री खाली कशाला उतरता? पडलात म्हणजे?" मिचिएने एकदा सासूबाईंना विचारलंच.

"मी? या गुडघ्यांनी?" तोमेबाई हसल्या. "करतायत ना काम? करू दे. जिवंतपणी कधी पगार मागितला नाही, आता काय मागणार!"

मिचिएला भीती वाटली. मग सवयही झाली. माणसाला कशाचीही सवय होते.

पुढे कुनिओने दुकान विकायचं काढलं. तिथे म्हणे उंच हॉटेल होणार. सासूबाईंनी जेवण सोडलं. मिचिए भांडली, रडली. लग्न होऊन ती आली ती थेट या कढईपाशी. दुकान गेलं तर तिचं म्हणून दुसरं काही नव्हतंच.

त्यानंतर एका सकाळी तिने दार उघडलं आणि जळका वास आला. परातीत चुऱ्याचा ढीग होता, चांगला थापून थापून केलेला. आतून धूर निघत होता. तिने बादली उचलली, तेवढ्यात भिंतीला धरत आलेल्या सासूबाईंनी तिचं मनगट पकडलं.

"थांब. आधी त्याला बोलव."

हाक ऐकून कुनिओ डोळे चोळत खाली आला. ढीग बघून त्याची बोबडीच वळली.

"आई, पाणी ओत ना आधी!"

"विकणार आहेस का, ते सांग. मला नको. त्यांना सांग."

"नाही... नाही विकत, बाबा!"

धूर तिथल्या तिथे थांबला. मिचिएला रडूच फुटलं. वाचलं बाई दुकान!

कुनिओ मात्र पांढराफटक पडला होता. तो तिच्या कानाशी लागला.

"मिचिए... मी कालच विक्रीच्या कागदावर शिक्का मारून आलोय गं..."

ती काही बोलायच्या आत पुढच्या, गिऱ्हाइकांच्या खोलीतून आवाज आला. तिथे चूल पेटलेली नव्हती. कढई रात्री घासून पालथी घातलेली होती. तरी उकळत्या तेलात कोळंबी सोडावी तसं चर्र झालं. थोड्या वेळाने पुन्हा एकदा... चर्र...

सासूबाईंनी मिचिएचं मनगट सोडलं.

"जा, बस जाऊन," त्या कुनिओला म्हणाल्या. "तुलाच वाढतायत."