कांडी वीस वर्षं टिकते

शेजारच्या कडूमावशींची गाय त्या दिवशी माजावर आली नसती, तर माझं आणि शलमोनचं काही जमलंच नसतं. प्रेमकथेची ही सुरुवात फारशी शोभेची नाही, मला ठाऊक आहे. पण घडलं ते असंच.

मी पुण्याहून सोनईला घरी आले होते. व्हिसा हातात पडला की दोन वर्षांसाठी स्वित्झर्लंडच्या प्रयोगशाळेत जायचं होतं. मावशींकडे विरजण मागायला गेले आणि गोठ्याच्या दारात कुणावर तरी धाडकन आदळले. त्याच्या हातातल्या कंटेनरचं झाकण उडालं, आमच्या पायांत पांढरी वाफ पसरली.

"लिक्विड नायट्रोजन!" मी जवळजवळ ओरडलेच.

तो बघतच राहिला. "लोक आधी सॉरी म्हणतात, मॅडम..."

"आवं डाक्टर, ही आपल्या गुरुजींची पोरगी, दया," मावशी आतून म्हणाल्या. "थंडीवर लई शिकलीय."

शलमोन गावात नवा आलेला जनावरांचा डॉक्टर. गाई भरवायच्या, म्हणजे गाभण करायच्या, वीर्याच्या कांड्या त्या कंटेनरमध्ये गोठवून ठेवलेल्या असत. त्यानंतर तो गाय तपासायला तीनदा आला. गाय ठणठणीत होती. प्रत्येक वेळी मला नेमकं विरजण संपलेलं आठवायचं.

"गाय बरी हाय," मावशी म्हणाल्या, "डाक्टरचंच काय खरं न्हाई."

मग व्हिसा आला. निघायच्या आदल्या दिवशी शाळेत मुलांना थंडी म्हणजे काय ते दाखवायचं मी कबूल केलं होतं. शलमोन कंटेनर घेऊन आला. मी शेवंतीचं फूल नायट्रोजनमध्ये बुडवलं, टेबलावर आपटलं, काचेसारखा चुरा! पोरं ओरडली, "अजून एकदा!" मग रबराचा चेंडू, मग केळं... मी ओततच राहिले.

शेवटी शलमोनने कंटेनरमध्ये पट्टी बुडवून पाहिली. "बोटभर उरलाय! निम्म्या सोनईच्या कालवडी तुम्ही शेवंतीवर उधळल्या की!" रागावला होता, पण हसूही दाबत होता.

कंटेनर आजच्या आज भरला नाही, तर सगळ्या कांड्या वाया जाणार होत्या. चूक माझी होती, म्हणून मीही बाईकवर मागे बसले. नगरपर्यंत आमच्या मध्ये कंटेनर आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. इतका कंटाळवाणा रस्ता संपूच नये असं मला पहिल्यांदाच वाटलं.

डेपोत नायट्रोजन भरताना त्याने सुस्कारा सोडला. "वाचल्या. भरत राहिलं ना, तर कांडी वीस वर्षं टिकते. एकदा कोरडा पडला, की संपलं."

परतताना घोडेगावला चहा घेतला.

"तुम्ही तिकडे नक्की करता काय?" त्याने विचारलं.

"हायड्रोजन गोठवतो. इतका थंड, की त्याच्यापुढे तुमचा नायट्रोजन म्हणजे हा चहा! मग त्यात म्यूऑन सोडतो. म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जाडजूड भाऊ. सेकंदाचे दहा लाख तुकडे करा, त्यातले दोन, एवढंच त्याचं आयुष्य."

"अरेरे! तेवढ्यात काय करतो बिचारा?"

"संसार मांडतो," मी हसले. "एका अणूत जाऊन बसतो. मग तो चिमुकला अणू त्या बर्फात इकडेतिकडे धडकत फिरतो. पण एका ठरावीक वेगाला धडकतच नाही. समोर कुणी नसल्यासारखा आरपार निघून जातो. असे किती पलीकडे पोचले, किती वेळात, ते आम्ही मोजतो. जितके निघून जातील, तितके आम्ही खूश."

तो बशीकडे बघत राहिला. "आणि ज्याच्यातून निघून गेला... त्याला?"

पुण्यात बसून इतकी वर्षं मी निघून जाणाऱ्यांचाच हिशेब करत होते.

बघता बघता गाव जवळ आलं. उद्या मी जाणार, आणि हा माणूस गाडी चालवतोय नुसती! घराशी कंटेनर घेऊन उतरले आणि सरळ म्हणाले, "मला थांब म्हणा ना, शलमोन."

"नाही म्हणणार."

डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

"जायचंच तुम्ही," तो हळूच म्हणाला. "त्यासाठीच तर शिकलात. पण... दर रविवारी फोन करा. कोरडा पडू देऊ नका मला. मी टिकतो."

"वीस वर्षं?" मी डोळे पुसत विचारलं.

"तुम्ही दोनच म्हणालात ना?" तो आता माझ्याकडे बघत होता. "उरलेली अठरा एका घरात काढू. चालेल?"

मी मान डोलावली. त्याने कंटेनर माझ्या हातातून घेतला, नीट खाली ठेवला, आणि माझी गारठलेली बोटं आपल्या दोन्ही हातांत धरली.

"डाक्टर," कुंपणापलीकडून मावशींचा आवाज आला, "उद्यापासनं गाय तपासाया येऊ नका. ती बरी हाय."